फोल्डरच्या नावातल्या स्पेस, कंस, डॅश आणि माझी उडालेली स्क्रिप्ट (मदत हवीये)

बॅकअपवाला

मंडळी, चूक माझीच आहे हे मला माहितीये, तेव्हा "आधी टेस्ट का नाही केलं" हे दोन-तीन जणांनीच म्हणा, सगळ्यांनी नको. मोबाइलवरून लिहितोय आणि यात रोमन कीबोर्ड टाकलेला नाहीये, त्यामुळे कमांडा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, समजून घ्या.

तर झालं असं की एका जुन्या एक्स्टर्नल डिस्कवर साधारण ३४० फोल्डर आहेत, पंधरा-सोळा वर्षांत साठलेली, डिस्क विंडोज, मॅक सगळीकडे फिरलेली, आणि नावं ज्याला जशी सुचली तशी. 'फोटो', 'फोटो जुने', 'आईचे रिपोर्ट्स (जुने)', 'काम & हिशोब', 'फायनल [खरंच फायनल]', एक तर नुसतं '-जुनं'. हे सगळं नव्या लिनक्स मशीनवर हलवायचं होतं. मी नावांची यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये काढली, बॅशमध्ये (लिनक्सवर कमांडा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे शेल) लूप लावला, एकेक ओळ वाचायची, सीपी -आर ने कॉपी मारायची आणि मग आरएम -आरएफ ने मूळ फोल्डर उडवायचं.

कॉपीच्या ओळीत मी "$नाव" (वाचलेलं नाव ठेवलेलं व्हेरिएबल) असे डबल कोट दिले होते, कारण कुठेतरी वाचलं होतं. डिलीटच्या ओळीत दिले नाहीत. का नाही दिले? विसरलो.

'फोटो जुने' ची पाळी आली, कॉपी नीट झाली, आणि मग डिलीटची ओळ शेलने वाचली ती आरएम -आरएफ फोटो जुने अशी. म्हणजे 'फोटो' उडव आणि 'जुने' पण उडव. 'जुने' नावाचं काही नव्हतंच, पण -एफ असल्यामुळे तक्रारही नाही. 'फोटो' मात्र होतं, आणि यादीत त्याचा नंबर अजून यायचा होता. कॉपी व्हायच्या आधीच गेलं. पुढे चाळीसेक ओळींनी त्याची पाळी आली तेव्हा सीपी म्हणालं असं काही नाहीच, आणि मी मनात म्हटलं यादीत दोनदा आलं असेल!!

त्याची एक कॉपी दुसऱ्या डिस्कवर सापडेल असं वाटतंय. पण इथे अजून ६१ फोल्डर उरलीयेत, बहुतेक स्पेसवालीच, आणि आता मला एंटर दाबायची भीती वाटते.

अंडरस्कोर

आधी टेस्ट का नाही केलं? (पहिला नंबर माझा.)

टर्मिनलकर

भाऊ, हे सगळ्यांचं एकदा होतं. काय झालं ते नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल.

बिनकोटाचं $नाव दिसलं की शेल तीन गोष्टी करतो. आधी तिथे व्हेरिएबलमधला मजकूर ठेवतो. मग त्या मजकुराचे स्पेस, टॅब आणि नव्या ओळीवर तुकडे पाडतो. आणि मग प्रत्येक तुकड्यात स्टार, प्रश्नचिन्ह किंवा चौकटी कंस आहेत का ते बघून असले तर त्याला मॅच होणारी नावं शोधून तीच तिथे आणून ठेवतो. डबल कोट दिले की पहिलीच गोष्ट होते, बाकी दोन बंद. एवढाच कोटांचा महिमा. लोकांना वाटतं कोट म्हणजे "हे टेक्स्ट आहे" अशी खूण, पण शेलमध्ये सगळं टेक्स्टच असतं, कोट म्हणजे "याचे तुकडे पाडू नकोस" हा निरोप.

तुमचं नशीब की एखाद्या फोल्डरचं नाव '* महत्त्वाचं' असं नव्हतं. विंडोजमध्ये स्टार टाकता येत नाही पण लिनक्समध्ये येतो. त्याचे तुकडे झाले असते स्टार आणि महत्त्वाचं, आणि त्या स्टारच्या जागी चालू फोल्डरमधलं डॉटवालं सोडून यच्चयावत सगळं आलं असतं, आणि पुढे आरएम -आरएफ आहेच.

एक गैरसमज आत्ताच काढून टाकतो. 'काम & हिशोब' मधला अँपरसँड किंवा नावातला अर्धविराम, डॉलर, हे व्हेरिएबलमधून आले की निरुपद्रवी असतात, शेल ते परत कमांड म्हणून वाचत नाही. ते घातक होतात ईव्हॅल (मजकूर पुन्हा कमांड म्हणून वाचणारं) वापरलं, एसएच -सी (नव्या शेलमध्ये दिलेली ओळ चालवणारं) च्या ओळीत चिकटवलं किंवा एसएसएचने पलीकडच्या मशीनवर पाठवलं तर. एसएसएच सगळे तुकडे स्पेसने जोडून एक ओळ करतं आणि पलीकडचा शेल ती ओळ नव्याने वाचतो, त्यामुळे तुमचे कोट अलीकडेच खर्ची पडलेले असतात. पाथ (फोल्डरचा पत्ता) दोनदा शिजतो म्हणा ना.

आता उपाय. फोल्डर एकाच पातळीवर असतील तर यादीची फाइल वगैरे काही नको, फॉर डी इन ./*/ असा लूप लावा आणि आत सगळीकडे "$डी". फक्त डॉटने सुरू होणारी फोल्डर यात येत नाहीत. ती हवी असतील तर फाइंड (फाइली-फोल्डर शोधून देणारी कमांड) वापरा, शेवटी -प्रिंट० द्या, आणि पुढे पाइपने व्हाइल आयएफएस= रीड -आर -डी '' डी. हे आहे तसं घ्या, यातलं काही गाळू नका.

आणि कॉपी आणि डिलीटच्या मध्ये दोन अँपरसँड टाका हो, म्हणजे कॉपी जमली तरच डिलीट चालेल! कॉपी फसली तरी डिलीट चालतंय ही खरी भानगड.

बॅकअपवाला

धन्स टर्मिनलकर. आता भीतीने मी आरएमच्या आधी इको लावून बघतोय, म्हणजे फक्त छापेल, उडवणार नाही. कोट दिले आणि नाही दिले, दोन्ही वेळा छापून सेमच येतंय: आरएम -आरएफ फोटो जुने. मग फरक पडला हे कळणार कसं?

रिकामटेकडी

इको इथे दगा देतं. त्याला दोन तुकडे मिळाले तरी ते मध्ये स्पेस टाकून छापतं आणि एकच तुकडा मिळाला तरी त्यात मुळात स्पेस आहेच, म्हणजे दिसायला दोन्ही सारखंच. मी प्रिंटएफ वापरते, '<%एस>' आणि पुढे नवी ओळ असा फॉरमॅट देते. प्रिंटएफ तोच फॉरमॅट प्रत्येक तुकड्याला पुन्हा लावतं, त्यामुळे बिनकोटाचं असेल तर

<फोटो>
<जुने>

असं दोन ओळींत येतं आणि कोट असतील तर

<फोटो जुने>

असं एका ओळीत. हे टोकदार कंस दिसले की मगच माझा जीव भांड्यात पडतो. शिवाय शेलचेक नावाचं टूल आहे, फुकट आहे, स्क्रिप्ट त्यात टाका, जिथे कोट राहिलेत तिथे २०८६ नंबरची सूचना देतं. तुमची ती एक ओळ त्याने चालवायच्या आधीच पकडली असती.

अंडरस्कोर

हे सगळं ठीक आहे पण मुळात नावंच नीट ठेवली तर? माझ्या मशीनवर एकाही फोल्डरच्या नावात स्पेस नाही. रोमन छोटी अक्षरं, आकडे, अंडरस्कोर, संपलं. वीस वर्षांत एकदाही हा त्रास झालेला नाही. ३४० फोल्डरांवर एकदा रीनेमची स्क्रिप्ट चालवा आणि मोकळे व्हा.

रिकामटेकडी

आणि ती रीनेमची स्क्रिप्ट काय करेल? तीच स्पेसवाली नावं वाचेल. म्हणजे कोट नीट द्यायला तेव्हाही लागणारच, मग रीनेम कशाला! वर 'फोटो (जुने)' आणि 'फोटो [जुने]' ही दोन्ही तुमच्या नियमाने एकच नाव होणार, आणि एमव्ही (हलवायची, नाव बदलायची कमांड) न विचारता एकात दुसरं घुसवणार.

नाव माणसांसाठी असतं हो. आईने 'आईचे रिपोर्ट्स (जुने)' लिहिलं ते तिला सापडावं म्हणून. युनिक्सच्या फाइलसिस्टिमला नावात फक्त दोन गोष्टी चालत नाहीत, तिरकी रेघ आणि शून्य बाइट (ज्याची किंमत शून्य आहे असा बाइट). बाकी सगळं कायदेशीर आहे, अगदी नवी ओळसुद्धा. कायदेशीर नावावर स्क्रिप्ट मोडत असेल तर स्क्रिप्ट चुकलीये.

आणि आपणच असे वेंधळे आहोत असंही नाही. २००१ च्या नोव्हेंबरात ॲपलने आयट्यून्स २.० काढलं, त्याच्या मॅकवरच्या इन्स्टॉलरच्या स्क्रिप्टमध्ये पाथला कोट नव्हते, आणि ज्यांच्या डिस्कच्या नावात स्पेस होती त्यातल्या काहींचा डेटा साफ झाला. तो मागे घेऊन २.०.१ काढावं लागलं. २०११ मध्ये बंबलबी नावाच्या लिनक्स प्रोजेक्टच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये /यूएसआर नंतर एक स्पेस जास्तीची पडली आणि आरएम -आरएफ अख्ख्या /यूएसआर वर चाललं. तिथे नाव चांगलं सुटसुटीतच होतं की, अंडरस्कोर.

अंडरस्कोर

मुद्दा मान्य, पण अर्धाच. माणसाने बनवलेली नावं ठेवा बापडी तशीच. स्क्रिप्ट स्वतः जी फोल्डर बनवते त्यांना तरी साधी नावं द्या. प्रोग्रॅम बिल्ड करणारं मेक नावाचं टूल घ्या, त्याला नावातली स्पेस आजही धड झेपत नाही, तिथे कोट देऊनही भागत नाही. आपण शंभर काळज्या घेतो आणि साखळीतलं एखादं जुनं टूल घात करतं.

टर्मिनलकर

+१, हे बरोबर आहे.

बॅकअपवाला

अपडेट. कोट सगळीकडे दिले. डॉटने सुरू होणारी तीन फोल्डर आहेत म्हणून फाइंडवालं घेणार होतो, पण आधी जुन्याच यादीवर करून बघू म्हटलं, म्हणून विंडोजच्या लॅपटॉपवर नोटपॅडमध्ये उरलेल्या ६१ नावांची यादी साफ केली आणि आणली. आता एकही फोल्डर सापडत नाहीये, साधी एकशब्दी नावंपण नाहीत! एररमध्ये नावाच्या पुढे डॉलर, कोट, बॅकस्लॅश-आर असलं काहीतरी येतंय.

आणि अजून एक, लिनक्सवर एलएस (फोल्डरमधली नावं दाखवणारी कमांड) केलं की काही नावांभोवती सिंगल कोट दिसतायत. ते माझ्या स्क्रिप्टने नावातच घातले का???

टर्मिनलकर

कोट नावात नाहीयेत, घाबरू नका. २०१६ पासून, म्हणजे कोअरयुटिल्स (लिनक्सच्या रोजच्या कमांडांचा संच) ८.२५ पासून, जीएनयूचं एलएस स्क्रीनवर दाखवताना विचित्र नावांना कोट लावून दाखवतं. तेव्हा पुष्कळ लोक चिडले होते. मला मात्र आवडतं, नावाच्या शेवटी स्पेस असेल तर दुसरं कशाने दिसणार.

बॅकस्लॅश-आर म्हणजे नोटपॅडचा प्रसाद. विंडोजमध्ये ओळीच्या शेवटी दोन अक्षरं असतात, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. बॅशचं रीड लाइन फीडवर थांबतं, कॅरेज रिटर्न नावाला चिकटूनच राहतं. म्हणजे तुम्ही 'फोटो जुने' मागत नाही आहात, 'फोटो जुने' आणि शेवटी एक न दिसणारं अक्षर, असं मागताय. डॉस-टू-युनिक्स चालवा किंवा टीआर ने ते अक्षर काढून टाका.

पण खरं सांगू का, यादी नकोच. ज्या फॉरमॅटमध्ये नवी ओळ म्हणजे "नाव संपलं" असा अर्थ आहे, त्यात नवी ओळ असलेलं नाव बसूच शकत नाही. शून्य बाइट नावात कधीच येत नाही, म्हणून नावं वेगळी करायला तेवढंच एक भरवशाचं चिन्ह, आणि म्हणून ते -प्रिंट०. इतकी वर्षं हे पॉझिक्स या युनिक्स सिस्टिमांच्या स्टँडर्डमध्ये नव्हतं, २०२४ च्या आवृत्तीत फाइंडचं -प्रिंट०, एक्सआर्ग्सचं -० आणि रीडचं -डी तिन्ही एकदमच आत आलं.

खिडकीवाला

इथे सगळे लिनक्सवालेच दिसतात, काडी टाकून जातो, विंडोजमध्ये याहून मजा आहे.

बॅच फाइलमध्ये (विंडोजची जुनी स्क्रिप्ट) फॉर /एफ ने यादी वाचायला गेलात की ते स्पेसवर तोडतं आणि फक्त पहिला शब्द हातात देतं, म्हणून डेलिम्स= असं रिकामं द्यावं लागतं. अर्धविरामाने सुरू होणारी ओळ तर ते गुपचूप गाळतं. आणि डिलेड एक्स्पान्शन (उद्गारचिन्हांत लिहिलेलं व्हेरिएबल ऐनवेळी वाचायची सोय) चालू असताना लूपमधल्या नावात उद्गारचिन्ह असेल तर तेच गायब होतं. माझ्याकडे 'झालं एकदाचं!!' नावाचं फोल्डर होतं, स्क्रिप्ट दिवसभर 'झालं एकदाचं' शोधत बसली होती.

पॉवरशेलमध्ये (विंडोजचा नवा शेल) कोटांची इतकी कटकट नाही, व्हेरिएबलचे तुकडे पडत नाहीत. पण चौकटी कंस बघा. तिथे -पाथ ला दिलेलं नाव पॅटर्न म्हणून वाचलं जातं, कोट असले तरी. समजा 'भाग १', 'भाग २' आणि 'भाग [१२]' अशी तीन फोल्डर आहेत. रिमूव्ह-आयटम 'भाग [१२]' म्हटलंत तर भाग १ आणि भाग २ जाणार आणि 'भाग [१२]' जागेवर हसत बसणार. -पाथ ऐवजी -लिटरलपाथ लिहायचं. मी ते बोटांना लावून घेतलंय, कंस असोत नसोत.

रिकामटेकडी

बाप रे, हे भाग [१२] प्रकरण भारी आहे. बॅशमध्येही कोट नसतील तर स्पेस नसलेल्या 'भाग[१२]' चं हेच होईल. कोट दिले की वाचलो. तिकडे कोट देऊनही वाचत नाही म्हणजे कठीणच आहे.

अवांतर: पायथन येत असेल तर सबप्रोसेसला (दुसरे प्रोग्रॅम चालवणारं मॉड्यूल) कमांड एका ओळीत न देता लिस्ट म्हणून द्या, मध्ये शेल येतच नाही, अर्धी दुखणी जातात. फक्त ग्लोबला (पॅटर्नने फाइली शोधणारं) पाथ देताना ग्लोब डॉट एस्केप लावा, नाहीतर तिथेही चौकटी कंस आहेतच.

बॅकअपवाला

फाइंडवालं लावलं, ६१ पैकी ५८ गेली!! पण चार फोल्डरांचा घोळ आहे, त्यातली तीन अजून अडकलीयेत.

पहिलं ते '-जुनं'. फाइंडने आलं तेव्हा गेलं, पण आधी मी हाताने करत होतो तेव्हा सीपी म्हणत होतं असा ऑप्शन नाही. कोट दिले होते तरी. आता मग कसं चाललं?

दुसऱ्याला एरर आहे "नाव खूप लांब आहे". नाव लांब आहे खरं, कोणीतरी अख्खं वाक्यच लिहिलंय, पण ते विंडोजवर बनलेलं आणि तिथे चाललेलं आहे. मोजलं तर स्पेस धरून शंभरेक अक्षरं. २५५ ची लिमिट आहे ना?

बाकीची दोन बघतोय अजून.

टर्मिनलकर

डॅशचं असं आहे की कोट शेलसाठी असतात. शेलने ते काढून घेतले की सीपीला मिळतं नुसतं -जुनं, आणि डॅशने सुरू झालं म्हणजे ऑप्शन अशी त्याची पक्की समजूत. फाइंड नावाच्या आधी ./ लावून देतं, मग सुरुवात डॉटने होते, वाद मिटला. हाताने करताना स्वतः ./ लावा किंवा आधी नुसते दोन डॅश टाका, म्हणजे इथून पुढे ऑप्शन नाहीत. मला ./ जास्त आवडतं, कारण फाइलचं नाव नुसतं - असेल तर दोन डॅश देऊनही कॅट त्याला कीबोर्ड समजतं आणि वाट बघत बसतं.

लांब नावाचं आता तुम्हाला वाईट वाटणार आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर लिमिट २५५ बाइटची आहे, अक्षरांची नाही. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. ८५ चिन्हांत खेळ खल्लास. आणि चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे, 'क्षि' हे दिसायला एक पण आत क, हलंत, ष आणि वेलांटी अशी चार, म्हणजे १२ बाइट. विंडोजचं एनटीएफएस मोजतं यूटीएफ-१६ मध्ये, तिथे देवनागरी चिन्ह एक युनिट, म्हणून २५५ चिन्हं बसतात. इंग्रजीत नाव असतं तर दोन्हीकडे सारखंच बसलं असतं. यात कोट काही करू शकत नाहीत, नाव छोटं करावंच लागेल.

अंडरस्कोर

मी काही म्हणत नाहीये. फक्त इथे आहे हे सांगायला आलो.

खिडकीवाला

गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) पण बघा, मराठी नावाची फाइल स्टेटसमध्ये \३४०\२४४\२५६ असलं काहीतरी दाखवते, ते नुसतं 'म' चे तीन बाइट आहेत आठाच्या पद्धतीत लिहिलेले. कोअर डॉट कोटपाथ फॉल्स केलं की माणसासारखं दिसतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं रेपोच करप्ट झाला.

बॅकअपवाला

लांब नावाचं छोटं केलं, गेलं. आता तिसरं, आणि याने माझी रात्र खाल्लीये.

स्क्रिप्टमध्ये मी एक छोटा तक्ता ठेवलाय, काही ठराविक फोल्डर वेगळ्या जागी टाकायला. त्यात लिहिलंय 'दुसऱ्या सत्राचे फोटो'. डिस्कवर पण 'दुसर्‍या सत्राचे फोटो' आहे. स्पेस एकच आहे, शेवटी काही नाही, कॅरेज रिटर्न नाही, सगळं तपासलं. बॅश म्हणतं दोन्ही वेगळी. मी स्क्रीनला नाक लावून बघितलं हो. सेम आहे!

रिकामटेकडी

दोन्ही नावं हेक्स डंपमध्ये (प्रत्येक बाइट आकड्यांत दाखवतं ते) बघा आणि बाइट मोजा. नुसत्या 'दुसऱ्या' या शब्दाचे.

बॅकअपवाला

तक्त्यातला २१ बाइट. डिस्कवरचा २४. हे काय आहे???

रिकामटेकडी

वाटलंच होतं. हे खास आपलं मराठीचं दुखणं आहे, हिंदीवाल्यांना याची कल्पनाही नसते.

'दुसऱ्या' मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एक म्हणजे ऱ, खाली टिंब असलेला र, युनिकोड ०९३१, त्याला हलंत आणि पुढे य. दुसरी जुनी रीत म्हणजे साधा र, हलंत, मग झिरो विड्थ जॉइनर, २००डी नंबरचं न दिसणारं अक्षर, आणि पुढे य. तो जॉइनर ३ बाइटचा, म्हणून तुमचे २१ आणि २४. फोल्डर कधीतरी जुन्या टायपिंग टूलने बनलंय, तक्ता तुम्ही आत्ताच्या कीबोर्डने लिहिलात. दिसायला एक, आत दोन.

'ॲप' चंही तसंच. ॲ हे सुटं अक्षर २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये आलं, त्याआधीचे लोक अ ला वरून चंद्र लावायचे, कोणी मध्ये जॉइनर टाकून, कोणी न टाकता.

टर्मिनलकर

युनिकोड नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळ्या रीतींनी लिहिलेलं असेल तर एका रूपात आणणं) करून एक होणार नाहीत का? मॅकच्या जुन्या एचएफएस+ फाइलसिस्टिमवरून आलेल्या नावांना मी एनएफसी (फोडलेली अक्षरं जोडून घेणारं रूप) करून घेतो, तिथे अक्षरं फोडून ठेवलेली असायची.

रिकामटेकडी

नाही ना, तिथेच तर मेख आहे. ऱ आणि "र अधिक नुक्ता" हे एनएफसीने एक होतात, ती अधिकृत जोडी आहे. पण जॉइनरवाली रीत त्या जोडीत नाहीच, नॉर्मलायझेशन तिला हात लावत नाही. त्यामुळे स्वतःच बदलून घ्यावं लागतं, र-हलंत-जॉइनर दिसलं की ऱ-हलंत करायचं, दोन्ही बाजूंना, आणि मग तुलना करायची.

पण बॅकअपवाला, एक नीट ऐका. हे बदललेलं रूप फक्त तुलनेसाठी. कॉपी करताना आणि उडवताना फाइलसिस्टिमने दिलेलं नाव आहे तसं वापरायचं, बाइटला बाइट. सुधारलेलं नाव आरएमला दिलंत तर ते भलतंच फोल्डर असू शकतं. नाव हाताने टाइप करून स्क्रिप्टमध्ये घालणं हाच मुळात धोका, दिसतं ते तुमच्या डोळ्यांसाठी असतं.

बॅकअपवाला

भलतंच फोल्डर म्हणालात आणि मी सहज बघितलं. जिथे हलवायचंय तिथे 'दुसऱ्या सत्राचे फोटो' आधीपासून आहे, २१ बाइटवालं. म्हणजे दोन मशीनवर दोनदा बनलेलं. आत बरेच फोटो सेम आहेत पण सगळे नाहीत. सुधारून हलवलं असतं तर एकात एक मिसळून गेलं असतं, आणि एकाच नावाचे दोन वेगळे फोटो असते तर एक गेलाच असता. उद्या डोळ्यांनी बघून मिटवतो, स्क्रिप्टने नाही.

अंडरस्कोर

मग? रोमन आणि अंडरस्कोर?

रिकामटेकडी

मग 'दुसऱ्या' चं स्पेलिंग तीन जण चार प्रकारे करतील, चालेल तुम्हाला?

अंडरस्कोर

…बघतो.

खिडकीवाला

मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चौथं कुठलं राहिलं?

बॅकअपवाला

चौथं म्हणजे कमालच आहे. त्याचं नाव 'फोटो'. जे पहिल्याच दिवशी उडालं म्हणून मी हा धागा काढला, ते अजून डिस्कवर दिसतंय! स्क्रिप्ट मात्र म्हणते ./फोटो असं काही नाही. काल दुसऱ्या डिस्कवरून जुनी कॉपी आणून ठेवलीये ती वेगळीच, हे त्याच जुन्या डिस्कवर आहे.

टर्मिनलकर

एलएस करा. कोट दिसतायत का नावाभोवती?

बॅकअपवाला

हो. 'फोटो ' असं आहे. अरे देवा. शेवटी स्पेस आहे.

पण मी फाइंड, -प्रिंट०, डबल कोट सगळं केलंय की!

टर्मिनलकर

रीडच्या आधी आयएफएस= लिहिलं होतंत का?

बॅकअपवाला

…ते काय आहे कळलं नाही म्हणून गाळलं.

टर्मिनलकर

ते नसलं की रीड नावाच्या पुढच्या-मागच्या स्पेस छाटून देतं. मग ते 'फोटो ' न शोधता 'फोटो' शोधतं. दोन अँपरसँड होते म्हणून निदान डिलीट तरी चाललं नाही. ते असतं ना शिल्लक पहिलं 'फोटो', तर ते गेलं असतं. विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये असलं नाव बनत नाही, मॅकवर बनलं असणार.

बॅकअपवाला

लावलं. गेलं. ६१ पैकी ६०, ते दुसऱ्या सत्राचं सोडून.

आत काय होतं विचारू नका. एक डॉट डीएस स्टोअर, मॅक आपोआप बनवतो ती फाइल. बाकी रिकामं.